बोटीवर माणसं चार

आमच्या गावात चहाच्या टपरीपुढे स्कूटर लावायची म्हणजे स्टँड लावायचं आणि बाकावर बसायचं, एवढंच असतं. बबनमामांचं तसं नाही. ते स्टँड लावतात, हँडल लॉक करतात आणि मग डिकीतून दोरी काढून स्कूटर समोरच्या लिंबाला बांधतात. गाठ अशी, की बैल जुंपून ओढली तरी सुटणार नाही. मामांनी दोन बोटांनी टिचकी मारली की मात्र लगेच मोकळी होते.

नवा माणूस असला की विचारतो, "मामा, चोराची भीती वाटती व्हय?"

"चोराचं काय न्हाई रं," मामा बशीत चहा ओततात. "वारा फिरला म्हंजी?"

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर, इनामगावच्या अलीकडे. इथं वारा फिरला तर फार फार तर वाळत घातलेलं धोतर शेजारच्या कांद्यात जातं. स्कूटर वाहून गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पण मामांच्या आयुष्यातली नऊ वर्षं शिडाच्या बोटीवर गेली, आणि ती नऊ वर्षं अजून त्यांच्या अंगातून उतरलेली नाहीत.

मी या गावच्या शाळेत भूगोल शिकवते. माझं माहेर दौंडचं. लग्न होऊन इथं आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक काटक म्हातारा उभा. हातात चार वांगी.

"नवीन आलात न्हवं? घ्या. किती पाण्यात नांगर टाकलाय?"

मला वाटलं, गावात येताना सासूबाईंनी सांगायची राहून गेलेली एखादी रीत असेल. मी घाबरून म्हणाले, "दीड एकर."

मामा इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. दूर बेटांच्या आडोशाला नवी बोट येऊन थांबली की आधीपासून तिथं असलेल्यांनी छोट्या होडीतून काहीतरी घेऊन जायचं. एखादा नारळ, पावाचा तुकडा, नाहीतर नुसती साखर. "तिथं कोण कुणाच्या गावचं नस्तं, बाई. जो आदी आला त्यो गाववाला."

हा नियम मामा गावात आजही पाळतात. एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला आलेली बिहारची, झारखंडची माणसं इथं खोल्या घेऊन राहतात. खोलीत सामान उतरायच्या आत मामा वांगी घेऊन हजर. आमच्या गावात परप्रांतातून येणाऱ्या प्रत्येक माणसाचं महाराष्ट्रातलं पहिलं जेवण वांग्याची भाजी हेच असतं.

नांगर या शब्दानं मामांचं बरंच नुकसान केलं आहे. बोटीवरचं काम कायमचं सोडून ते गावी परतले, त्या दिवशी पारावर बसून त्यांनी मोठ्या समाधानानं जाहीर केलं, "आता नांगर टाकला. कायमचा." शेतकऱ्यानं नांगर टाकला म्हणजे शेती सोडली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तीन जण त्यांचं रान वाट्यानं मागायला दारात उभे. त्यांच्या बायकोनं, हौसामामींनी, तिघांनाही हाकलून लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बोलायच्या आदी जरा इचारत जावा."

त्याही आधी खलाशी या शब्दानं घोळ घातला होता. मामा लग्नानंतर वर्षभरात वेल्डिंगच्या कामासाठी गोव्याला गेले. तिथं बोटी दुरुस्त करण्याच्या एका शेडमध्ये होते. सुकाणू मोडलेली एक शिडाची बोट दुरुस्तीला आली. डेन्मार्कचं एक जोडपं तिच्यावर राहत होतं. हेन्रिक आणि इंगा, दोघंही पन्नाशीचे. मामांनी सुकाणू असं जोडलं की हेन्रिकनं त्यांनाच बरोबर चला म्हटलं. मामांनी घरी पत्र टाकलं, "मला खलाशाची नोकरी लागली."

आता आमच्या भागात खलाशी म्हणजे एकच. दौंडच्या रेल्वेतला. मामांच्या वडिलांनी गावभर पेढे वाटले. महिन्याभरानं भाकऱ्यांचं गठुडं घेऊन ते दौंडला गेले आणि निळे कपडे दिसेल त्या प्रत्येकाला विचारू लागले, "आमचा बबन कुठल्या शेडात हाय?" दुपारपर्यंत म्हातारा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडला. शेवटी एका खलाशाला दया आली. तो म्हणाला, "बाबा, बबन साहेबाबरोबर लाइनवर गेलाय." म्हाताऱ्यानं भाकऱ्या त्याच्याकडे दिल्या आणि खुशीत परतला. पुढं पावसाळ्यात बबन घरी येईपर्यंत कुणी विचारलं की सांगायचा, "बबन व्हय? लाइनवर असतोय."

लाइन खरीच होती, फक्त रूळ नव्हते. लक्षद्वीप, मालदीव, सेशेल्स. पावसाळा आला की हेन्रिक बोट गोव्याला ओढून ठेवायचा आणि मामा चार महिने घरी यायचे. बाकीचे आठ महिने बेटांवर.

मामांकडून त्या बेटांची वर्णनं ऐकावीत. प्रवाळाच्या कड्याआत शिरताना ते बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उभे राहायचे आणि नुसत्या पाण्याच्या रंगावरून वाट सांगायचे. निळं पाणी म्हणजे खोल, बिनधास्त चला. हिरवट पाणी म्हणजे जपून. तपकिरी दिसलं की खाली खडक. मामा आता हीच परीक्षा चहाला लावतात. टपरीवाल्यानं दूध कमी घातलं की कप उजेडात धरून म्हणतात, "खडक लागला रं."

एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. फळ्यावर लिहिलं होतं, 'चहूबाजूंनी पाणी असलेल्या भूभागास बेट म्हणतात.' मामांनी ते वाचलं आणि मान हलवली.

"बाई, हे झालं वरून बघणाऱ्याचं. ऱ्हाणाऱ्याला इचारा. बेट म्हंजी जिथं प्यायचं पाणी मोजून प्यावं लागतं ती जागा." मग मुलांकडे वळून, "आपलं गाव मे महिन्यात बेटच असतंय."

संध्याकाळी किनाऱ्यावर सगळ्या बोटींची माणसं जमायची. ज्यानं त्यानं आपल्या बोटीवर रांधलेलं आणायचं. मामा बाजरीची भाकरी आणि ठेचा नेत. फ्रान्सची एक दातांची डॉक्टरीण एकटीच बोट घेऊन फिरायची. तिनं ठेचा चटणीसारखा न खाता चमचाभर तोंडात टाकला. ती रडली, समुद्राच्या पाण्यानं चूळ भरली, आणखी रडली. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन पुन्हा आली. "दाताच्या डाक्टरनीचं तोंड एवढं उघडलेलं म्या पैल्यांदा पायलं," मामा सांगतात.

या सगळ्या गोष्टी मी मामांच्या ओसरीवर ऐकल्या आहेत. आणि दर वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामा बेटाजवळ पोचले की आत स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजू लागत. हौसामामी आतच असत. त्या कधी बाहेर येऊन ऐकत बसल्या नाहीत. तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला समुद्राबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

"कशाला इचारायचं? पाण्यात गेल्याला मानूस आन् पाण्यात गेल्याली पेरणी, दोन्ही सारखीच. परत आली तर आली."

मामा गावी परतल्यावर कारखान्यात वेल्डर होते. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी गोठ्यातली एकुलती म्हैस शेजाऱ्याकडे बांधली आणि रिकाम्या गोठ्यात बोट बांधायला घेतली. सोळा फुटांची. प्लायवूड, फायबर, वर निळा रंग. गावानं दोन वर्षं ही करमणूक फुकट पाहिली. "मामा, पूर येनार हाय का?" असं विचारल्याशिवाय कुणी गोठ्यावरून जात नसे. मामींनी मात्र गोठ्याकडे पाठ करून जायचा रस्ता धरला. त्यासाठी त्यांना घराला पूर्ण वळसा पडायचा.

शिडाचं कापड मिळेना. ते काम प्रमोदनं सोडवलं. प्रमोद ओडिशाचा, चाळिशीचा, कारखान्यात पॅकिंगला. तो गावात राहायला आला तेव्हा मामा रिवाजाप्रमाणे वांगी घेऊन गेले होते.

"कहाँ का?"

"चिलिका, ओडिशा."

मामा त्याच्या उंबऱ्यावरच बसले. चिलिका म्हणजे समुद्राला लागून असलेलं मोठं सरोवर, आणि प्रमोदचं सगळं घराणं तिथं शिडाच्या होड्यांवर मासेमारी करणारं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. एकाची मराठी, दुसऱ्याची हिंदी, आणि मधे हातवारे. प्रमोद म्हणाला, "मामा, कपडा तो रोड पे टंगा है."

खरंच टांगलेलं होतं. पुढारी भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, चौकाचौकात. वाढदिवस उलटून महिना झाला होता. मंडळानं आनंदानं चार फ्लेक्स दिले. प्रमोदनं दाभणानं ते एकमेकांना शिवले. चारही तुकड्यांत भाऊंचा चेहरा टाळायचा त्यानं प्रयत्न केला, पण एक चेहरा ऐन मध्यावर आलाच. वारा भरला की भाऊंचे गाल फुगत आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा' ताठ होई.

यंदाच्या जानेवारीत एका रविवारी मामांनी सफर ठरवली. दौंड तालुक्याच्या पूर्वेला, धरणानं अडलेल्या भीमेचा फुगवटा पसरतो. तिथं उथळ पाण्यात तीन टेकाडं उघडी राहतात, त्यांवर हिवाळ्यात पक्षी उतरतात. मामांच्या लेखी ती तीन बेटं. एक दिवसात तिन्ही करायची, प्रत्येक बेटावर काहीतरी खायचं आणि परत फिरायचं. ज्यांच्या सह्या लागत होत्या त्या मामांनी आधीच आणल्या. नारिंगी जॅकेटं आणली. खलाशी म्हणून प्रमोद आणि मी. मी का, तर मामा म्हणाले, "भूगोलाच्या बाईनं एकदा तरी पाय ओला करावा."

टेम्पोत बोट चढवली. ड्रायव्हरशेजारी आधीच कुणीतरी बसलेलं होतं. हौसामामी, मांडीवर भाकरीचं गठुडं.

"मी काठावर बसनार हाय," त्या म्हणाल्या. "तुमास्नी खायला घालाया कुणीतरी पायजे."

दौंड येईपर्यंत मामांनी जॅकेटाचा पट्टा तीनदा लावला आणि तीनदा काढला.

पहिलं टेकाड छान झालं. बोट आवाज न करता सरकत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की वारा पाठीवर घेऊनच पुढं जाता येतं असं नाही, तिरका घेऊनही जाता येतं. मामा सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते आणि चाळीस वर्षांनी लहान दिसत होते. "वाऱ्याशी भांडायचं न्हाई, बाई. त्याला इचारायचं, तू कुठं चाललायस? मग म्हनायचं, मला जरा वाटंत सोड." पहिल्या टेकाडावर आम्ही भेळ खाल्ली.

दुसऱ्या टेकाडाजवळ वारा एकदम फिरला. शीड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फाडकन गेलं आणि भाऊंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उभं फाटलं. प्रमोद ओरडला, "गया!" बोट भरकटत टेकाडाच्या कडेला गेली आणि चिखलात बसली. वल्ह्यानं ढकललं तर वल्हं रुतलं. गुडघाभर पाणी, त्याखाली मांडीभर गाळ. धोका काही नव्हता. आम्ही टेकाडावर उतरलो. प्रमोद सुतळी घेऊन शीड शिवायला बसला, मामा बोटीभोवतालचा चिखल उकरायला लागले. फोनला रेंज नव्हती. लांब काठावर मामींचं हिरवं लुगडं ठिपक्याएवढं दिसत होतं.

एक तास गेला, मग दुसरा. मी पाहिलं तेव्हा ठिपका काठावर नव्हता.

थोड्या वेळानं एक मच्छीमार आपली चपटी होडी वल्हवत येताना दिसला. होडीच्या मधोमध मामी बसल्या होत्या. डोळे गच्च मिटलेले, एक हात होडीच्या कडेला, दुसरा गठुड्यावर. ज्या बाईनं गोठ्यातली बोट पाहायची नाही म्हणून दोन वर्षं घराला वळसा घातला, ती पाण्यावरून येत होती. होडी टेकाडाला लागली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मच्छीमार म्हणाला, "मावशी, आलं." तेव्हा उघडले.

आधी त्यांनी आम्हा तिघांना मोजल्यासारखं पाहिलं. मग मामांकडे वळल्या.

"हालत न्हवती तुमची बोट. दोन तास. मी डोळ्यांनी बघतीया, आन् ती हालंना. नऊ वरसं दिसत न्हवतं तवा मी बसले. आज दिसत हुतं, तर बसवंना." त्यांचा आवाज चढला आणि मधेच तुटला. मग अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "तिकडं असं झालं म्हंजी काय करायचा वो तुमी?"

तीस वर्षांतला पहिला प्रश्न. मामा चिखलाच्या हातानं कपाळ पुसत उभे राहिले.

"भ्यायचो," ते शेवटी म्हणाले.

मामी गठुडं सोडून टेकाडावरच बसल्या. भाकरी काढली, प्रमोदला दिली, मला दिली, मच्छीमाराला दिली. मामा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि जमिनीकडे पाहत बोलू लागले. ही गोष्ट त्यांनी ओसरीवर कधीच सांगितली नव्हती.

रोज सकाळी त्या बेटांमधल्या सगळ्या बोटी वायरलेसवर एकमेकींची हजेरी घेत. एक जण बोटीचं नाव पुकारायचा. त्या बोटीनं सांगायचं, आपण कुठं आहोत, सगळं ठीक आहे का, आणि बोटीवर माणसं किती. हेन्रिकला डोकेदुखी होती म्हणून एका सकाळी हजेरी मामांनी दिली. बोटीवर तिघं होते. मामा बोलून गेले, "चार."

"इंगाबाई हसली. म्हनली, बबन, चौथं कोन? म्या म्हनलं, हौसा. घरी हाय, पन धरा." मामांनी गवताची काडी मोडली. "मंग रोज तसंच. हेन्रिकसाहेब सोता म्हनायचा, फोर. समद्या बोटीस्नी ठावं झालं. ती दाताची डाक्टरीन, न्यूझीलंडवाले म्हातारा-म्हातारी, समदी सकाळच्या पारी इचारायची, आन् हाऊसा कशी हाय?"

"हाऊसा?" मामी म्हणाल्या.

"त्यांची जीभ वळत न्हाई."

"मंग तुमी काय सांगायचा?"

"बरी हाय म्हनायचो."

मामींनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "मी बरी न्हवते."

"ठावं हुतं," मामा म्हणाले. "त्येच तर सांगता येत न्हवतं."

प्रमोद शिवायचा थांबला होता. मी पक्ष्यांकडे पाहत बसले, कारण दुसरीकडे कुठं पाहावं कळेना. मग मामींनी पदरानं नाक पुसलं, मामांच्या हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा ठेवला आणि प्रमोदकडे वळून म्हणाल्या, "झालं का रं ठिगाळ? तिसरं ऱ्हायलंय न्हवं अजून?"

मच्छीमारानं आणि प्रमोदनं बोट चिखलातून लोटली. मामी स्वतः चढल्या, नारिंगी जॅकेट लुगड्यावर चढवून. डोळे उघडे. शिवलेल्या शिडातून भाऊ जरा वाकडे हसत होते, पण वारा धरत होते. तिसऱ्या टेकाडापर्यंत मामींनी जी प्रश्न विचारायला सुरुवात केली ती काही थांबली नाही. तिथं भांडी कशानं घासायचात? आजारी पडलात तर? त्या डॉक्टरणीला मुलं किती? एकटी का फिरायची? मामा एकेका प्रश्नाला अर्ध्या वाक्यात उत्तर देत होते. मोठमोठ्या गोष्टी सांगायची त्यांची सगळी ऐट गेली होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

टेम्पोत बसताना मामींनी विचारलं, "इंगाबाई हाय का अजून?"

"हाय. साहेब गेला. तिची लेक नव्या वर्साला मेसेज धाडती."

"मंग फोन लावा की."

"काय बोलायचं?"

"तुमाला न्हाई म्हनत. मला लावून द्या."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मामांनी मला ओसरीवर बोलावून घेतलं, दुभाषी म्हणून. डेन्मार्कला उजाडायला आमची दुपार व्हायला हवी होती हे मी सांगितलं, म्हणून मधल्या सुट्टीत पुन्हा गेले. लेकीनं फोन उचलला आणि आईकडे दिला. मामींनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, तोंडासमोर, आणि टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी हौसा बोलतीया!"

पलीकडून एक थकलेला, कापरा आवाज, "हाऊसा? हाऊसा!" आणि पुढं भराभर काहीतरी, जे इंग्रजी नव्हतं.

मी भाषांतर करायला पुढं झाले. मामींनी मला हातानं थांबवलं. त्या मराठीत बोलत होत्या, ती बाई तिच्या भाषेत. मामींनी तिला म्हशीचं, शेवंतीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, नऊ दिवाळ्यांचं सांगितलं, सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगितलं. मधे दोघी एकदम थांबल्या, दोघी एकदम हसल्या. दहा मिनिटं हे चाललं. मामा खांबाला टेकून उभे होते आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

फोन ठेवल्यावर मामींनी डोळे पुसले आणि आम्हाला बातमी दिली.

"तिकडं थंडी लई हाय म्हनती."